कॉलिन चॅपमन : वजन उतरवणारा अभियंता

पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शर्यतीची गाडी स्वतः बांधणारे विद्यार्थी आता बरेच आहेत. सस्पेन्शनची नळी किती जाड घ्यायची, हा प्रश्न त्यांना पडतोच. जाड घेतली तर वजन वाढते, बारीक घेतली तर मोडण्याची भीती. या एका प्रश्नाभोवती ज्यांचे सारे आयुष्य फिरले ते इंग्रज अभियंते म्हणजे कॉलिन चॅपमन.

त्यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी रिचमंड येथे झाला. वडील लंडनमध्ये हॉर्न्सी स्टेशनालगत हॉटेल चालवत. युनिव्हर्सिटी कॉलेज, लंडन येथे कॉलिन स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग शिकले. शेवटच्या परीक्षेत गणिताचा पेपर राहिला, तो पुन्हा देऊन १९४९ मध्ये पदवी मिळाली. तोवर मैत्रीण हेझल हिच्या घरामागच्या गॅरेजमध्ये एका जुन्या ऑस्टिन सेव्हनची त्यांनी शर्यतीची गाडी करून टाकली होती. पुढे ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी करताना इमारतींसाठी हा हलका धातू कसा वापरता येईल, हे पटवून देण्याचे काम त्यांच्याकडे होते. १९५२ मध्ये हेझलकडून २५ पौंड उसने घेऊन त्यांनी लोटस कंपनी काढली. दोघांचे लग्न पुढे झाले.

पूल बांधणारा जसा विचार करतो तसा चॅपमन गाडीचा करत. ब्रेक लावला की चाकावरचे बल मागे ओढते, वळणावर आडवे ढकलते, खड्ड्यात वर उचलते. ही तिन्ही बले सस्पेन्शनच्या दांड्यांतून सांगाड्यात जातात. दांडे त्रिकोणात नीट जोडले, तर प्रत्येकावर फक्त ताण किंवा दाब येतो आणि बारीक नळीही पुरते. जोड थोडा बाजूला सरकला की तीच नळी वाकू लागते आणि तिच्यातले प्रतिबल झपाट्याने चढते. एकाच भागाकडून दोन कामे करून घेणे ही चॅपमन यांची खासियत. चाकाला शक्ती पुरवणाऱ्या दांड्यालाच त्यांनी चाक आडवे जागेवर धरायलाही लावले. एक दांडा वाचला, वजन उतरले. पण राहिलेल्या भागांवर दुहेरी भार आला.

इथे धातूचा एक स्वभाव आडवा येतो. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, उलटसुलट वाकवत राहिले की तुटते. भार एकदा पेलता आला म्हणजे तो लाखो वेळा पेलता येईल असे नाही. त्यात प्रतिबल दुप्पट झाले, तर भागाचे आयुष्य निम्म्यावर थांबत नाही, ते कित्येक पटींनी घटते. बारीक तडा आत वाढत असतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

१९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावात स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचा हब मोडला आणि मागचे चाक निखळले. त्यांचे दोन्ही पाय मोडले. त्याच सरावात माइक टेलर यांच्या लोटसच्या स्टिअरिंगच्या दांड्याचे वेल्डिंग तुटले. त्यांनी कंपनीवर दावा लावून भरपाई मिळवली.

चॅपमन थांबले नाहीत. १९६२ च्या लोटस २५ मध्ये नळ्यांचा सांगाडा जाऊन पत्र्याची पेटी आली, वजनाने सुमारे निम्मी आणि ताठपणाने जवळपास तिप्पट. याच गाडीने १९६३ मध्ये जिम क्लार्क जगज्जेते झाले. १९६९ मध्ये बार्सिलोनात उंच पंख मोडून ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट दोघांच्याही गाड्या आदळल्या. हे पंख थेट सस्पेन्शनवर टेकवलेले होते. पुढच्याच वर्षी मोंझा येथे रिंट गेले. चाकावरचे वजन कमी करण्यासाठी लोटस ७२ चे ब्रेक गाडीच्या आत नेले होते. ब्रेक आणि चाक जोडणारा पुढचा उजवा पोकळ दांडा तुटला. कडेचा लोखंडी कठडाही नीट बसवलेला नव्हता, तेव्हा सारा दोष दांड्यावर टाकणे बरोबर नाही. तरी हिशेबातली जागा किती थोडी ठेवली होती, हे उरतेच. मरणोत्तर जगज्जेतेपद मिळालेले रिंट हे आजवरचे एकमेव चालक.

चॅपमन यांच्या हयातीत लोटसने संघांचे सात जगज्जेतेपद मिळवले. १६ डिसेंबर १९८२ रोजी, ५४ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी इंग्लंडमधल्या स्नेटर्टनच्या ट्रॅकवर लोटसचे लोक एका नव्या गाडीची पहिली चाचणी घेत होते. तिच्या सस्पेन्शनचे काम स्प्रिंगांऐवजी संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेकडे दिले होते.