लोकमान्यांचे देणे

रत्नागिरी शहरातील टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान पाहावयास येणाऱ्या पुष्कळांची अशी समजूत असते की, तो वाडा टिळक घराण्याच्या मालकीचा असावा. वस्तुस्थिती तशी नाही. लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत हे रत्नागिरीच्या शाळेत शिक्षक होते व त्या वास्तूत ते बिऱ्हाडकरू म्हणून राहत होते. दिनांक २३ जुलै १८५६ रोजी ज्या बालकाने तेथे जन्म घेतला, त्याने पहिला श्वास घेतला तो भाड्याच्या जागेत. मूळ घर दापोली तालुक्यातील चिखलगावी. तेथे थोडीशी खोती होती. पणजोबा केशवराव पेशवाईत अंजनवेलचे मामलेदार होते; १८१८ साली राज्य गेले तेव्हा त्यांनी नोकरी सोडली व ते घरी येऊन बसले. आजोबा रामचंद्रपंत पुढे प्रपंचातून मन काढून काशीकडे निघून गेले आणि त्यामुळे गंगाधरपंतांना शिक्षण अर्ध्यावर टाकून नोकरी धरावी लागली. नाव मोठे, मान मोठा आणि मिळकत मात्र बेताची, ही कोकणातील आपल्या कित्येक घराण्यांची कथा आहे. टिळकांचे घरही त्यांपैकीच एक.

लोकमान्यांची चरित्रे थोडी नाहीत. लहान मुलांच्या क्रमिक पुस्तकांपासून विद्वानांच्या ग्रंथांपर्यंत त्यांच्या तुरुंगवासांची, लेखांची व पांडित्याची वर्णने सर्वत्र आढळतात. आपल्या स्मरणिकेच्या या अंकाकरिता आम्ही त्यांच्या आयुष्यातील निराळी बाजू निवडली आहे, ती त्यांच्या देण्याची. या विषयाची निवड आम्ही सहेतुक केली आहे. संघाच्या सभासद कुटुंबांत आजमितीस घरासाठी, मुलांच्या उच्च शिक्षणासाठी किंवा आजारपणापायी कर्ज काढून त्याचे हप्ते फेडीत असलेली कुटुंबे अनेक आहेत. यांत अपूर्व असे काही नाही. परंतु आमच्या पाहण्यात असे येते की, हप्ते सुरू झाले म्हणजे ही मंडळी हळूहळू स्नेहसंमेलनास येईनाशी होतात, लग्नकार्यास निमित्त सांगून टाळाटाळ करतात. कर्ज म्हणजे काही गुन्हा असावा अशा रीतीने ते झाकून ठेवतात. ज्यांच्या तसबिरीस आपण दरवर्षी हार घालतो, त्यांनीही आयुष्याची कित्येक वर्षे डोक्यावर देणे घेऊन काढली, हे अशा कुटुंबांस कळावे अशी आमची इच्छा आहे.

१८६६ साली गंगाधरपंतांची बदली पुण्यास झाली व त्याच वर्षी मातोश्री पार्वतीबाई निवर्तल्या. १८७२ च्या ऑगस्टात गंगाधरपंतही गेले. त्या वेळी बळवंतराव सोळा वर्षांचे होते आणि लाडघरच्या बाळ घराण्यातील सत्यभामाबाईंशी त्यांचा विवाह होऊन गेला होता. चुलते गोविंदराव यांच्या आधाराने व वडिलांनी मागे ठेवलेल्या पुंजीवर शिक्षण झाले. १८७६ मध्ये बी. ए. व १८७९ मध्ये एल्एल्. बी. झाल्यावर मुंबईस अगर पुण्यास वकिली करून दोन वर्षांत घर बांधता आले असते. त्यांनी ते केले नाही. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, त्यात ते गेले. पुढील वर्षाच्या आरंभी 'मराठा' व 'केसरी' ही पत्रे निघाली. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणी आगरकरांसह एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. हा इतिहास वाचकांस अवगतच आहे. या सर्व काळात त्यांचे वेतन आजीव सभासदाचे, म्हणजे पोटापुरते होते, आणि त्या वेतनाबाहेर कोणी अन्य प्राप्ती करू नये, असा त्यांचा आग्रह होता. याच व अशाच प्रश्नांवरून सहकाऱ्यांशी वितुष्ट येऊन १८९० च्या अखेरीस ते सोसायटीतून बाहेर पडले.

आता येथून आमच्या विषयास खरा प्रारंभ होतो. मंडळी विभक्त झाली तेव्हा जी वाटणी झाली, ती घरच्या वाटणीसारखीच झाली. कोणाच्या वाट्यास भांडी, तर कोणाच्या वाट्यास देणे. आर्यभूषण छापखाना, ज्यात उत्पन्न होते, तो इतरांकडे गेला. टिळकांकडे 'केसरी' व 'मराठा' ही दोन पत्रे आली व त्यांबरोबर सुमारे सात हजार रुपयांचे कर्ज आले. पंचाहत्तर रुपये मासिक वेतन ज्या काळी चांगले समजत, त्या काळचे हे सात हजार आहेत, म्हणजे साताठ वर्षांचा संपूर्ण पगार. आणि ज्या नोकरीतून तो पगार मिळत असे, ती तर नुकतीच सुटलेली. घरात पत्नी व मुले. 'मराठा' इंग्रजीत निघे व त्यात सतत बूड येई. त्याची भर 'केसरी'ने करावयाची. व्यवहारी माणसाने ही वाटणी पत्करली नसती.

टिळकांनी ती पत्करली आणि नंतर जे केले त्यातच त्यांचा खरा हिशेबीपणा दिसून येतो. पत्राच्या कर्जाचा व घराच्या खर्चाचा त्यांनी एकमेकांशी गोंधळ होऊ दिला नाही. घर चालावे म्हणून त्यांनी कायद्याचा वर्ग चालविला. वकिलीच्या परीक्षेस बसणारे विद्यार्थी तेथे फी देऊन शिकत; हिंदुधर्मशास्त्र टिळक स्वतः शिकवीत. निजामच्या राज्यात लातूर येथे भागीदारीने सरकी काढण्याचा कारखाना काढला, त्यातून मात्र त्यांना डोकेदुखीच अधिक झाली. गणितात कोणालाही हार न जाणारा हा पुरुष कापसाच्या धंद्यात फारसा रमला नाही, असे म्हणावयास हरकत नाही. पण हेतू स्पष्ट होता. 'केसरी'ची जी काय शिल्लक राहील ती 'केसरी'च्या देण्यात जावी व तिला घरच्या चुलीचा स्पर्श होऊ नये. अशा रीतीने पत्र हळूहळू ऋणमुक्त झाले, त्याचा खप वाढत गेला आणि १९०८ पर्यंत तो वीस हजारांच्या आसपास पोहोचला. तत्कालीन मराठी पत्रास हा आकडा मोठाच होता.

कर्जाचा कायदा ते शिकवीतही असत, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येऊ नये, हा दामदुपटीचा नियम हिंदुधर्मशास्त्राने फार पूर्वीच घालून दिला आहे. त्यांनी एल्एल्. बी. ची परीक्षा दिली त्याच वर्षी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांकरिता कर्जनिवारणाचा कायदा झाला. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्या दंग्यांचे हे फळ. शेतकऱ्याचे देणे न्यायाधीशाने तपासावे व ते हप्त्यांनी फेडण्याची मुभा द्यावी, अशी तरतूद त्यात होती. आरंभी तो पुणे, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांपुरताच होता. रत्नागिरीच्या कुळांस त्याचा तेव्हा उपयोग नव्हता. या बाबतीत लोकमान्यांची मते सर्वांस पटण्यासारखी नव्हती. खोताची व सावकाराची बाजू 'केसरी'ने अनेकदा उचलून धरली आणि त्याबद्दल त्यांजवर झालेली टीका अगदीच निराधार होती असे आम्हांस म्हणवत नाही. स्वतःचे देणे कसे फेडावे हे जो जाणतो, त्याला दुसऱ्याच्या डोक्यावरील देणे नेहमीच तेवढे जड दिसते असे नाही.

दुसऱ्याच्या कर्जाने त्यांना मात्र अधिक छळले. १८९७ च्या ऑगस्टात राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर सुटून ते पुण्यास आले, तेव्हा त्यांचे स्नेही, पुण्याचे सरदार बाबामहाराज मृत्युशय्येवर होते. ७ ऑगस्ट रोजी बाबामहाराज वारले. मृत्युपत्रात त्यांनी टिळकांना व दादासाहेब खापर्डे प्रभृतींना विश्वस्त नेमले होते. स्वतःवर तुरुंगाची तलवार टांगलेली असता मित्राचा शब्द मोडवेना म्हणून टिळकांनी हा भार स्वीकारला. सप्टेंबर १८९८ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर पाहतात तो इस्टेटीवर कर्ज. मग विश्वस्तांनी तोच उपाय केला जो कोणीही जाणता मनुष्य करील. खर्चास कात्री लावली, बाबामहाराजांच्या विधवा पत्नी ताईमहाराज यांच्या हातखर्चावर मर्यादा घातली आणि उत्पन्नातून देणे भागवावयास आरंभ केला.

कर्ज फेडण्याची ही व्यवस्था कागदावर निर्दोष होती. परंतु ज्या घरात ती अमलात यावयाची, त्या घरातील बाईचे वय लहान, वैधव्य नवे आणि सरदारी थाटाची सवय जुनी. आजवर जो पैसा मागताच मिळे, तो आता परक्या पुरुषांकडे मागावा लागतो, हे तिला अपमानास्पद वाटले असल्यास तिला दोष देता येणार नाही. भोवती कान फुंकणारेही होते. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादेस जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले; थोड्याच दिवसांत ताईमहाराजांनी ते नाकारले व प्रकरण कोर्टात गेले. पुढे सरकारने टिळकांवर फौजदारी खटला भरला. १९०३ साली त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली, अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि १९०४ च्या मार्चमध्ये हायकोर्टाने त्यांस निर्दोष ठरविले. दिवाणी दावा तर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला व १९१५ च्या मार्चमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. मित्राच्या मृत्यूपासून तोवर सतरा वर्षांवर काळ लोटला होता. या अवधीत मंडालेची सहा वर्षे येऊन गेली व १९१२ साली, ते तेथे असतानाच, सत्यभामाबाईही जग सोडून गेल्या. ताईमहाराज प्रकरणात लोकमान्यांची प्रामाणिकता पूर्ण सिद्ध झाली. तथापि ज्या घरातील कर्ज फेडावयाचे, त्या घरातील माणसांस त्या योजनेत सामील करून घेतल्यावाचून योजना तडीस जाणे किती अवघड, हेही त्या प्रकरणात दिसून आले असे आम्हांस वाटते. हप्ता भरणारा हिशेब ठेवतो आणि काटकसर दुसऱ्याच्या ताटात होते. आपल्या घरांतही याहून निराळे घडते काय?

यानंतर दोन थैल्यांची गोष्ट. २३ जुलै १९१६ रोजी लोकमान्यांच्या वयास साठ वर्षे पूर्ण झाली. पुण्यास गायकवाडवाड्यात समारंभ झाला व लोकांनी एक लक्ष रुपयांची थैली अर्पण केली. त्याच दिवशी सरकारने चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागणारी नोटीस त्यांच्या हाती दिली, हा योगायोग सर्वश्रुत आहे. ती रक्कम त्यांनी स्वतःकडे न ठेवता राष्ट्रकार्यास लावली. तेव्हा ते निर्धन नव्हते, परंतु श्रीमंत तर नव्हतेच, आणि लंडनच्या कज्जाचे ओझे पुढे यावयाचे होते. एक लाख जवळ ठेवले असते तर पुढे उपयोगी पडले असते, असे हिशेबी मन म्हणेल. लोकमान्यांच्या हिशेबात तो पैसा जमेस धरण्याजोगा नव्हता.

आणि ओझे आलेच. व्हॅलेंटाइन चिरोल नामक इंग्रज पत्रकाराने १९१० साली हिंदी असंतोषावर ग्रंथ लिहून टिळकांवर घोर आरोप केले होते. त्याजवरील अब्रुनुकसानीचा दावा चालविण्याकरिता ते १९१८ च्या शरदात विलायतेस गेले व हौले प्लेस येथे बिऱ्हाड करून राहिले. २९ जानेवारी १९१९ रोजी न्यायमूर्ती डार्लिंग यांजपुढे सुनावणी सुरू झाली. टिळकांतर्फे सर जॉन सायमन, चिरोलतर्फे सर एडवर्ड कार्सन. २१ फेब्रुवारीस निकाल विरुद्ध गेला व प्रतिपक्षाचा खर्चही त्यांजवरच पडला. एकंदर आकडा सुमारे तीन लाख रुपये. मूळच्या सात हजारांशी याची तुलना केली म्हणजे छाती दडपते. वय बासष्ट, मधुमेहाने शरीर पोखरलेले आणि देश सहा हजार मैल दूर. सात हजार जसे वर्ग चालवून फेडले, तसे हे फिटण्यासारखे नव्हते. आयुष्य पुरले नसते.

या वेळी लोकांनी हात पुढे केला. १९१९ साली मुंबई, पुणे व इतरत्र फंड जमविण्यात आला. ज्यांचा त्यांच्याशी मतभेद होता त्यांनीही साहाय्य केले. महात्मा गांधींची कार्यपद्धती निराळी, तरी त्यांनीही या मदतीचा पुरस्कार केला. आणि येथे आमच्या मते लोकमान्यांनी फार कठीण गोष्ट केली. त्यांनी ती मदत स्वीकारली. आयुष्यभर ज्याने दुसऱ्याचा पैसा घरात येऊ दिला नाही, ज्याने साठीची थैली जशीच्या तशी देऊन टाकली, त्याने आपल्या नावावरील देणे चारचौघांत मान्य करून लोकांकडून फेडून घेतले. थैली परत करण्यापेक्षा थैली घेणे स्वाभिमानी माणसास जड जाते. ज्यांनी कधी भावाकडून अगर मेहुण्याकडून हप्त्यापुरते पैसे घेतले असतील, त्यांस हे अधिक सांगावयास नको. स्वतःच्या चुकीने अगर चैनीने आलेले ते कर्ज नव्हते हे खरे. तरीही पराभूत होऊन परतणाऱ्याने मदत घेणे आणि लगेच दुसऱ्या दिवसापासून ताठ मानेने कामास लागणे, हे दोन्ही त्यांना साधले.

२७ नोव्हेंबर १९१९ रोजी ते मुंबईच्या किनाऱ्यास उतरले. पुढील महिन्यात अमृतसरच्या काँग्रेसला गेले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस सरदारगृहात त्यांचे देहावसान झाले. सात हजारांच्या कर्जासह वाटणीस आलेले 'केसरी' पत्र त्यांच्यामागे चालू राहिले व आजही चालू आहे. ज्या गायकवाडवाड्यात ते राहत, त्यास पुण्याचे लोक केसरीवाडा म्हणूनच ओळखतात.