कुस्तीचा फड टिपणारा पहिला कॅमेरा : सावेदादा

क्रीडाप्रकाशचित्रणाचा विषय निघाला, की आज डोळ्यांसमोर ऑलिम्पिकची मैदाने येतात. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बर्फाच्या उतारावर लांबच लांब भिंगे रोखून उभे असलेले छायाचित्रकार आठवतात. पहिले हिवाळी ऑलिम्पिक १९२४ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे भरले. १९२८ मध्ये स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झच्या स्पर्धेवर जर्मन दिग्दर्शक आर्नोल्ड फांक याने पूर्ण लांबीचा चित्रपट तयार केला. मात्र या दोन्ही घटनांच्या कितीतरी आधी, १८९९ च्या नोव्हेंबर महिन्यात, मुंबईच्या मलबार हिलवर एका मराठी माणसाने खेळातली झुंज चलच्चित्रात टिपली होती. बर्फ नव्हते, पदके नव्हती; होती ती अस्सल देशी कुस्ती. कॅमेऱ्यामागचे गृहस्थ होते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबई त्यांना सावेदादा या नावाने ओळखत असे.

भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना दादासाहेब फाळके यांच्यापासून आरंभ करण्याची प्रथा आहे. कथापटापुरती ती योग्यही आहे. परंतु या देशात भारतीय माणसाने चित्रित केलेल्या पहिल्या चलच्चित्राचा मान इतिहासकार सावेदादांना देतात, आणि ते पहिले चलच्चित्र खेळाचे होते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

वॉटसन हॉटेलातील संध्याकाळ

सावेदादांचा जन्म १५ मार्च १८६८ रोजी मुंबईत झाला. छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय. स्टुडिओत येणाऱ्या गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून, क्षणभर हालू नका असे बजावून छबी काढायची, हे त्या काळच्या छायाचित्रकाराचे रोजचे काम. हालचाल हा त्याचा शत्रू. जो हलला त्याची छबी पुसट झाली, असा तो साधा हिशेब होता.

७ जुलै १८९६ रोजी हा हिशेब उलटला. फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंचे प्रतिनिधी मारियुस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला जाता जाता मुंबईत उतरले आणि त्यांनी काळाघोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात सिनेमॅटोग्राफचे खेळ केले. तिकीट एक रुपया. सहा लहान फिती दाखवल्या गेल्या. आठवडाभरातच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलवावे लागले, इतकी गर्दी लोटली. पडद्यावर माणसे चालताना पाहून मुंबईकर थक्क झाले. या प्रेक्षकांमध्ये अठ्ठावीस वर्षांचे सावेदादाही होते. इतरांनी चमत्कार पाहिला. सावेदादांनी त्यामागचे यंत्र ओळखले.

पुढचा काळ मुंबईला फार कठीण गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात शहरात प्लेगची साथ सुरू झाली आणि हजारो लोक घरे सोडून गेले. अशा काळात करमणुकीच्या एका नव्या, अनोळखी यंत्रात पैसा गुंतवणे हे धाडसाचेच होते. सावेदादांनी ते केले. त्यांनी लंडनहून रायली कंपनीचा चलच्चित्र कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम साधारण ३३० रुपये होते. महिना दहा-पंधरा रुपयांवर संसार चालवणाऱ्या कुटुंबांच्या त्या जमान्यात ही लहान रक्कम नव्हती.

कुस्तीच का?

कॅमेरा हाती आला. आता चित्रित काय करायचे? सावेदादांनी कुस्ती निवडली. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची लढत मलबार हिलवरील हँगिंग गार्डनमध्ये झाली आणि तिचे चित्रण करण्यात आले. ही निवड का झाली असावी, हे त्या काळचे तंत्र समजून घेतले की उमगते.

तेव्हाचे कॅमेरे हाताने दांडा फिरवून चालवावे लागत. फितीच्या एका फुटात सोळा चित्रे मावत आणि सेकंदाला साधारण तेवढीच चित्रे घेतली जात. म्हणजे एका सेकंदाला एक फूट फीत संपे. कॅमेऱ्यात बसणारी फीत थोडी असल्याने सगळा खेळ मिनिट-दीड मिनिटात आटोपावा लागे. तिपाईवर बसवलेला कॅमेरा डावी-उजवीकडे सहज फिरवण्याची सोयही तेव्हा रुळलेली नव्हती. घोड्यांची शर्यत किंवा क्रिकेटचा सामना घेतला असता, तर खेळाडू क्षणात चौकटीबाहेर गेले असते. कुस्तीत मात्र दोन माणसे ठरावीक जागेत एकमेकांना भिडतात. चौकट हलवायची गरज नाही आणि हालचाल तर क्षणाक्षणाला. शिवाय मुंबईच्या कोणत्याही पेठेतल्या माणसाला कुस्ती समजावून सांगावी लागत नव्हती.

प्रकाशाचा प्रश्न होताच. त्या काळच्या फितीला आजच्या मानाने फार प्रकाश लागे. विजेच्या दिव्यावर चित्रण करण्याची सोय नव्हती. म्हणून उघडी जागा हवी आणि स्वच्छ ऊन हवे. पावसाळा सरल्यानंतरचा नोव्हेंबर आणि टेकडीच्या माथ्यावरची मोकळी बाग हा मेळ त्या दृष्टीने अचूक होता. विदर्भातील गोंदिया-भंडाऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत शेतीची कामे उरकल्यावर मैदानी खेळांना भर येतो, तोही याच दिवसांत. झाडीपट्टीतील मंडई आणि शंकरपट हिवाळ्यातच रंगतात. खेळ आणि प्रकाश या दोहोंचा हंगाम आपल्याकडे असा एकच आहे.

जगात इतरत्रही चलच्चित्राची पहिली ओढ खेळांकडेच होती, हे येथे नोंदवले पाहिजे. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात की नाही, याचा छडा एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी लावला. मार्च १८९७ मध्ये अमेरिकेत कॉर्बेट आणि फिट्झसिमन्स यांची मुष्टियुद्धाची लढत चित्रित झाली आणि ती तासाभराहून अधिक लांबीचा चित्रपट म्हणून गाजली. त्यानंतर तीन वर्षांच्या आत मुंबईत कुस्तीवर कॅमेरा रोखला गेला. तंत्राच्या शर्यतीत सावेदादा फार मागे नव्हते.

लंडनला गेलेली फीत

चित्रण झाले, पण ते पाहायचे कसे? फीत धुऊन तयार करण्याची सोय येथे नव्हती. सावेदादांनी ती लंडनला पाठवली. बोटीने जाण्या-येण्यात महिन्याभराचा तरी काळ लोटे. फीत कोरी निघाली, तर कुस्ती पुन्हा लावता आली असती. पण तीच लढत पुन्हा मिळाली नसती. स्टुडिओत छबी बिघडली, तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा बसते. मैदानावर दुसरी संधी नसते. खेळाच्या छायाचित्रकाराला आजही याच धास्तीने ग्रासलेले असते. सावेदादांना तर निकाल कळायलाही बोटीची वाट पाहावी लागत होती.

या दरम्यान त्यांनी प्रक्षेपक मिळवला आणि परदेशी फिती दाखवण्याचा व्यवसाय सुरू केला. फीत परत आल्यावर परदेशी दृश्यांच्या जोडीला आपल्या मातीतली कुस्तीही पडद्यावर आली. लोकांनी आगगाडी पाहिली होती, समुद्रकिनारे पाहिले होते. आता ओळखीचे शरीर, ओळखीचा लंगोट आणि ओळखीचे डाव त्यांना दिसले. सर्कशीतल्या माकडांना शिकवतानाचे एक चित्रणही सावेदादांनी याच सुमारास केले.

बातमीपटाचा आरंभ

पुढच्या चित्रणांत सावेदादांची नजर छायाचित्रकाराची कमी आणि वार्ताहराची अधिक दिसते. ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद सर मंचेरजी भावनगरी यांचे मुंबईतील आगमन त्यांनी टिपले. पारशी समाजाच्या अग्यारीच्या जीर्णोद्धाराचेही चित्रण केले. त्यांचे सर्वांत गाजलेले चित्रण मात्र डिसेंबर १९०१ मधले. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ मध्ये सर्वोच्च स्थान मिळवणारे पहिले भारतीय, रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, त्या वेळी मायदेशी परतले. चौपाटीवर त्यांचे उत्स्फूर्त स्वागत झाले आणि सावेदादांनी ते फितीवर उतरवले. भारतीय माणसाने केलेला हा पहिला बातमीपट मानला जातो. राज्यकर्त्यांच्या मिरवणुकींच्या काळात एका कोकणी मुलाच्या बुद्धीचा गौरव कॅमेऱ्यासाठी योग्य विषय वाटावा, यात सावेदादांची जाण दिसते. जानेवारी १९०३ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी दिल्लीत भरवलेल्या दरबाराचे चित्रणही त्यांच्या नावावर नोंदलेले आहे.

याच सुमारास कलकत्त्यात हिरालाल सेन हेही कॅमेरा घेऊन धडपडत होते. देशाच्या दोन टोकांना दोन माणसे, एकाच वेडाने झपाटलेली.

कॅमेरा खाली ठेवल्यावर

सावेदादांनी चित्रणाचा उद्योग आयुष्यभर चालवला नाही. त्यांनी कॅमेरा विकला. पुढे मूकपटांच्या जमान्यात नावारूपाला आलेले श्रीनाथ पाटणकर आणि त्यांचे सहकारी करंदीकर व दिवेकर यांच्याकडे तो गेला, अशी नोंद चित्रपटाच्या इतिहासात आढळते. म्हणजे यंत्र थांबले नाही; फक्त त्यामागचा माणूस बदलला. सावेदादा नंतर मुंबईच्या गेइटी थिएटरचे व्यवस्थापक झाले. बोरीबंदरसमोरचे हे थिएटर पुढे कॅपिटॉल या नावाने ओळखले जाऊ लागले. चित्रे काढण्यापेक्षा चित्रे दाखवण्यात स्थैर्य आहे, हे व्यवसायाचे गणित त्यांना लवकर उमगले असावे.

१९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ आणि १९१३ मध्ये फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पहिल्या चित्रणातल्या मल्लाचे नाव पुंडलिक आणि चित्रण करणाऱ्याचे हरिश्चंद्र. इतिहासातला हा योगायोग मौजेचा खरा. पण तोरणे-फाळके यांच्या नावांच्या उजेडात सावेदादांचे नाव मागे पडत गेले, ही वस्तुस्थितीही तितकीच खरी.

त्यांना दीर्घायुष्य लाभले. चित्रपट बोलू लागलेला त्यांनी पाहिला, देश स्वतंत्र झालेला पाहिला. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. मराठी मल्लांना फितीवर आणणारा माणूस त्या वेळी चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. २० फेब्रुवारी १९५८ रोजी सावेदादांचे निधन झाले.

हरवलेली लढत

त्यांनी चित्रित केलेली एकही फीत आज उपलब्ध नाही. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई, दमट हवेत कुजे आणि खेळ संपला की तिचे मोल उरले नाही असेच सारे मानत. चांदी काढून घेण्यासाठी जुन्या फिती वितळवल्याही जात. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते फेब्रुवारी १९६४ मध्ये, सावेदादांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. तोवर भारतात निघालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले होते. मग मिनिटभराची एक कुस्ती कोण जपणार?

त्यामुळे त्या दिवशी पुंडलिकदादाने कोणता डाव टाकला, कृष्णाने तो कसा परतवला, हे आता कोणालाही पाहता येणार नाही. आज गोंदियाच्या एखाद्या गावातल्या शंकरपटात किंवा कुस्तीच्या दंगलीत शेकडो मोबाइल एकाच वेळी उंचावतात आणि संध्याकाळपर्यंत ती दृश्ये देशभर पोहोचतात. फीत लंडनला पाठवावी लागत नाही. पण टिपणे सोपे झाले म्हणून जपणे सोपे झालेले नाही. गावोगावच्या जत्रांतील, मैदानांतील चित्रणे यंत्र बदलले की आजही पुसली जातात. सावेदादांच्या हरवलेल्या फितीने एवढी जाग आणली, तरी त्या २१ गिनींचे मोल वसूल झाले असे म्हणता येईल.