विश्लेषण : स्टील गिटारची जुळणी बदलणारे सोल होओपिई कोण होते?

पेडल स्टील गिटार घेणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो तारा कोणत्या सुरांत लावायच्या हा. तारा आठच असतील तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण एक सूर घ्यायचा म्हणजे दुसरा सोडायचा. या प्रश्नाची आजची मांडणी ज्यांच्यामुळे झाली, त्या सोल होओपिई यांच्या वाद्याला पेडल नव्हते आणि ताराही सहाच होत्या.

होनोलुलू ते लॉस एंजेलिस...

होओपिई यांचा जन्म १९०२ चा, होनोलुलूचा. घरात ते एकविसावे अपत्य होते असे सांगतात. मांडीवर गिटार आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवण्याची पद्धत हवाईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली होती. तिचे श्रेय बहुतेक जण जोसेफ केकुकू यांना देतात. हवाईयन संगीताची अमेरिकेत लाट होती, त्या काळात, १९१९ मध्ये, सोल दोन मित्रांसह एका जहाजात तिकिटाविना लपून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. प्रवाशांनी त्यांचे वादन ऐकून भाड्याचे पैसे गोळा केले, अशी कथा आहे. खरी असो वा नसो, त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्यावर ती अशक्य वाटत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी तिघांचा ताफा उभा केला. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोलंबिया कंपनीसाठी त्यांनी केलेले मुद्रण आजही या वाद्याचे विद्यार्थी कान देऊन ऐकतात. हवाईयन चालींत त्यांनी जॅझ आणि ब्लूज मिसळले. लाकडी गिटारचा आवाज सभागृहात पुरेना, तेव्हा पोटात अॅल्युमिनियमचे तीन शंकू असलेली नॅशनल कंपनीची धातूची गिटार त्यांनी उचलली. मग हॉलीवूडचे चित्रपटही आले.

अडचण नेमकी काय होती?

साध्या गिटारवर चार बोटे चार वेगवेगळ्या पडद्यांवर ठेवता येतात. स्टील गिटारवर कांडी एकच आणि सरळ. ती जिथे ठेवाल तिथे सगळ्या तारा सारख्याच अंतराने चढतात. म्हणजे तारा जुळवताना जे स्वर एकत्र लावले, तोच गुच्छ वरखाली सरकत राहतो. कांडी तिरपी धरून थोडे जमते, पण थोडेच.

जुन्या ‘ए’ जुळणीत सहा तारा खालून वर प, सा, प, सा, ग, प अशा लागत. ऐकायला गोड, पण हाती तीनच स्वर. उदास छटेचा मायनर गुच्छ हवा किंवा जॅझमधला कोमल निषादाचा ताण हवा, तर वादक अडलाच. आपल्याकडेही राग पाहून तंबोऱ्याची तार पंचमात लावायची की मध्यमात हे ठरते. पण आपल्या गायकाला एका वेळी एकच स्वर लागतो. पाश्चात्त्य गाण्यात तीन-चार स्वर एकदम वाजावे लागतात, आणि ते कांडीखाली एका रेषेत सापडावे लागतात.

नवी जुळणी कशी होती?

१९३० च्या दशकात विजेवर चालणारी मांडीवरची गिटार आली. रिकनबॅकरचे हे मॉडेल तव्यासारख्या आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’ म्हणून ओळखले गेले. होओपिईंनी ते स्वीकारले आणि तारा वेगळ्या लावल्या : खालून वर बी, डी, ई, जी शार्प, सी शार्प, ई. ‘ई’ला षड्ज मानले तर प, कोमल नी, सा, ग, ध, वरचा सा. वरच्या तीन तारांत ग, ध, सा म्हणजे मायनर गुच्छ मिळतो, म्हणून हिला ‘सी शार्प मायनर’ जुळणी म्हणतात. खालच्या चार तारांत कोमल निषादासह सेव्हन्थ मिळतो. खालून दुसरी तार वगळली की जुना मेजर गुच्छही हाती येतो.

किंमतही मोजावी लागली. आता सगळ्या तारांवरून सरसकट हात फिरवून चालेना. कोणती तार छेडायची आणि कोणती मुकी ठेवायची, हे उजव्या हाताला क्षणोक्षणी ठरवावे लागे. होओपिईंचा उजवा हात तसा होता, म्हणूनच त्यांना हा सौदा परवडला. पेडल बसवण्याची गरज पुढे पडली ती इतरांना हे सहज जमेना म्हणूनही, असे म्हणायला जागा आहे.

मंचावरून प्रार्थनासभेत...

१९३८ मध्ये, लौकिक शिखरावर असताना, होओपिईंनी करमणुकीचे क्षेत्र सोडले आणि धर्मप्रचारक एमी सेंपल मॅकफर्सन यांच्या कार्यात सामील झाले. गिटार सुटली नाही. ती भजनांसाठी वाजू लागली. नोव्हेंबर १९५३ मध्ये सिएटल येथे त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, वेब पिअर्स यांचे ‘स्लोली’ गाजले. त्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबून तिचा सूर चढवला. जुळणी आता वादनाच्या मधोमध बदलता येऊ लागली. तरी मूळ जुळणी निवडणे काही टळले नाही. कंट्री वाजवणारे ‘ई-नाइन’कडे वळतात, जॅझ आणि स्विंगवाले ‘सी-सिक्स’कडे. या दुसऱ्या जुळणीतही सा, ग, प यांच्या शेजारी धैवत ठेवून मेजर आणि मायनर एकाच कांडीखाली आणले आहेत. दोन्ही जुळण्या आज प्रामुख्याने दहा तारांवर लावतात. आठ तारांवर ‘ई-नाइन’ लावायची तर बडी एमन्स यांनी नंतर वाढवलेल्या दोन तारांवर बहुधा पाणी सोडावे लागते.