वसंतराव नाईक यांचं मूळ आडनाव राठोड, मग ‘नाईक’ आलं कुठून?

महाराष्ट्राचे सर्वाधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक यांचं पाळण्यातलं नाव वसंत नव्हतं आणि त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव नाईक नव्हतं. पाळण्यातलं नाव होतं हाजूसिंग आणि घराणं होतं राठोडांचं. मग ही नावं बदलली कशी?

तांडा स्थिरावला, पद आडनाव झालं

बंजारा समाज पिढ्यान् पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरायचा. या व्यापाराला लदेणी म्हणत. रेल्वे आणि पक्के रस्ते आले, लदेणी बंद पडली आणि तांडे एका जागी वसू लागले.

तांड्याच्या प्रमुखाला नायक किंवा नाईक म्हणतात. न्यायनिवाडा आणि लग्नकार्यात त्याचा शब्द महत्त्वाचा. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग राठोड असेच तांड्याचे नाईक होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात त्यांनी गहुली गाव वसवलं. लोक पदावरून हाक मारत गेले आणि पुढे तेच घराण्याचं आडनाव झालं.

गहुली ते मंत्रालय

१ जुलै १९१३ रोजी गहुलीत फुलसिंग नाईक यांच्या घरी हाजूसिंगचा जन्म झाला. पुढे वसंत हे नाव रूढ झालं. प्राथमिक शिक्षण आसपासच्या वेगवेगळ्या गावांत झालं. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते पदवीधर झाले, नंतर वकील झाले.

राठोड, पवार, चव्हाण, जाधव, आडे या बंजारा कुळांचं एक मोठं काम म्हणजे लग्न जुळवणं. एकाच कुळात सोयरीक होत नाही. वसंतरावांनी तर १९४१ मध्ये समाजाबाहेर, नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न केलं. त्या काळी हे सोपं नव्हतं.

पुसदचे नगराध्यक्ष, आमदार, मंत्री असा प्रवास करत ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. १९७२ चा दुष्काळ, रोजगार हमी योजना आणि राज्यातली चार कृषी विद्यापीठं त्यांच्याच काळातली. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूरमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून साजरा होतो. पुतणे सुधाकरराव १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले, तेही नाईक याच आडनावाने.

कॅनडातही हाच पेच

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सतराव्या-अठराव्या शतकात आलेल्या अनेक फ्रेंच सैनिकांना टोपणनावं असायची. मूळ आडनावापुढे ‘दि’ लिहून ते टोपणनाव जोडलं जाई. हा ‘दि’ म्हणजे आपला ‘ऊर्फ’. पुढे काही वंशजांनी मूळ आडनाव ठेवलं, काहींनी टोपणनाव. त्यामुळे तिथे पूर्वज शोधताना दोन्ही नावं तपासावी लागतात. त्या हिशेबाने वसंतरावांचं घराणं म्हणजे राठोड ऊर्फ नाईक.

तुमच्यासाठी हे महत्त्वाचं का?

नाईक हे आडनाव रामोशी, भिल्ल, गोव्यातली अनेक कुटुंबं अशा वेगवेगळ्या समाजांत आढळतं. त्यामुळे नुसत्या आडनावावरून जात ठरत नाही. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींमध्ये येतो आणि या प्रवर्गाच्या जात पडताळणीत २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे पुरावे मोलाचे ठरतात. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत राठोड आणि नातवाच्या दाखल्यावर नाईक असेल, तर दोघं एकाच घरातले आहेत हे सिद्ध करावं लागतं.

म्हणून शोध घेताना चार गोष्टी करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कूळ विचारा. पाळण्यातलं नाव विचारा. तांडा कुठून आला ते विचारा. मग शाळा आणि महसूल कार्यालयातले जुने कागद दोन्ही आडनावांनी शोधा. ज्यांना पूर्वजांचं पद आठवतं, ती माणसं अजून आहेत तोवरच हे विचारून घ्या.