गिरणगावाचा शिक्षक : नारायण मल्हार जोशी

लोअर परळ स्थानकाबाहेरचा रस्ता महापालिकेच्या दप्तरी ना. म. जोशी मार्ग असला, तरी जुन्या रहिवाशांच्या तोंडी अद्याप डिलाईल रोडच आहे. बीडीडी चाळींना स्पर्श करून जाणाऱ्या या रस्त्याने गिरण्यांचे भोंगे ऐकले, संप पाहिले आणि गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीही पाहिल्या. त्याच्या पाटीवर ज्यांचे नाव आहे, त्या नारायण मल्हार जोशी यांना इतिहास भारतीय कामगार चळवळीचे एक जनक म्हणून ओळखतो. परंतु या चळवळीचे बीज कामगार संघटनेत नव्हते. ते परळ-लालबागच्या चाळींमध्ये चालणाऱ्या रात्रीच्या शाळांत आणि वाचनालयांत होते.

५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, गोरेगाव येथे जोशी यांचा जन्म झाला. शिक्षण पुण्यात झाले. न्यू इंग्लिश स्कूल आणि डेक्कन कॉलेज असा प्रवास करून १९०१ साली ते पदवीधर झाले. पुढची सुमारे आठ वर्षे त्यांनी शाळांमधून अध्यापन केले. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात ते १९०९ साली दाखल झाले. अल्प वेतन आणि आयुष्यभराची सार्वजनिक सेवा हे या समाजाचे व्रत होते. जोशी यांनी शाळा सोडली, तरी शिक्षकाचा पिंड सोडला नाही.

समाजाचे मुंबईतील निवासस्थान गिरगावात, सँडहर्स्ट रोडवर होते. गिरगावची पांढरपेशी वस्ती आणि परळची कामगार वस्ती यांत अंतर थोड्या मैलांचे; जीवनात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. कोकणातून आणि घाटावरून आलेले चाकरमानी एका खोलीत दाटीवाटीने राहत. एकाच गावचे पुरुष मिळून गाळा घेत आणि खानावळीत जेवत. नळ आणि शौचकूप सामायिक. नोकरी जॉबरच्या मर्जीवर, पगार उशिरा आणि मधल्या दिवसांसाठी सावकाराचे कर्ज. गावकीचा आधार होता, पण तो आपापल्या गावापुरता आणि जातीपुरता. शेजारच्या खोलीतील परक्या माणसाशी नाते जोडणारी संस्था वस्तीत अभावानेच होती.

ही उणीव भरून काढण्यासाठी मार्च १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना झाली. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष झाले आणि चिटणीसपदाची धुरा जोशी यांनी उचलली. लंडनच्या टॉयन्बी हॉलमध्ये १८८४ पासून आणि शिकागोच्या हल हाऊसमध्ये १८८९ पासून सुशिक्षित तरुण गरीब वस्तीत राहून काम करीत होते. त्याच काळाचे वारे मुंबईतही वाहत होते. पण लीगच्या कामाला घाट दिला तो येथील चाळींनी.

दिवसभर साच्यांवर राबलेल्या कामगारांसाठी रात्रीच्या शाळा निघाल्या. वाचनालये आणि दवाखाने उघडले. मुलांसाठी क्लब आणि बालवीर पथके, तरुणांसाठी व्यायामशाळा, वस्तीसाठी सफाईची कामे आणि कोंदट खोल्यांबाहेर एखादा दिवस काढता यावा म्हणून सहली, असा कामाचा पसारा वाढत गेला. पोलीस कोर्टात सापडलेल्या निरक्षर माणसाला सल्ला देण्याची सोय झाली. सावकारी पाशातून सुटण्यासाठी सहकारी पतपेढ्यांचा मार्ग दाखविण्यात आला. १९१८ साली इन्फ्लुएन्झाच्या साथीने मुंबईत थैमान घातले, तेव्हा लीगचे कार्यकर्ते मदतीला उतरले.

या यादीतील प्रत्येक काम स्वतंत्रपणे पाहिले तर ते भूतदयेचे वाटेल. त्यांचा एकत्रित परिणाम मात्र निराळा होता. रात्रीच्या शाळेत निरनिराळ्या गावांचे कामगार एका बाकावर बसले. पतपेढीमुळे हिशेब ठेवणे, सभा भरविणे आणि एकमेकांना जामीन राहणे या गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडू लागल्या. संघटनेला लागणारे गुण पुस्तकातून शिकविता येत नाहीत. ते अशा लहान व्यवहारांतूनच रुजतात.

परळला १९२२ साली उभे राहिलेले दामोदर सभागृह याच कामाचे फलित. दामोदर ठाकरसी मूळजी यांचे नाव लाभलेले हे नाट्यगृह कामगार रंगभूमीचे हक्काचे घर झाले. गिरणीत पाळी करणाऱ्या माणसाने संध्याकाळी रंगमंचावर उभे राहावे आणि प्रेक्षागृहात त्याच्याच चाळीतील मंडळी असावीत, हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्या येथे दिसले. कोकणच्या कित्येक मंडळांनी आपले प्रयोग याच वास्तूत केले.

तथापि, जोशी यांना आपल्या कामाची मर्यादाही उमगत गेली. बाराखडी शिकलेल्या कामगाराचे कामाचे तास शाळेमुळे कमी होत नव्हते आणि दवाखान्यामुळे त्याचा पगार वाढत नव्हता. १९१९ च्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. त्याच वर्षी वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत जोशी अग्रभागी होते आणि १९२५ ते १९२९ या काळात ते तिचे सरचिटणीस होते.

१९२१ साली सरकारने त्यांची मध्यवर्ती कायदेमंडळावर कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नेमणूक केली. पाव शतकाहून अधिक काळ ते तेथे होते. कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळावे, हा ठराव त्यांनी पहिल्याच वर्षी मांडला. कायदा होण्यास १९२६ साल उजाडले. बाळंतपणाच्या काळात स्त्री कामगारांना संरक्षण देणारे विधेयक त्यांनी १९२४ साली आणले, ते फेटाळले गेले. मुंबई प्रांताने मात्र १९२९ साली असा कायदा केला. प्रांतिक कायदेमंडळात त्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला होता.

जोशी यांची खरी कसोटी पुढे होती. १९२५ साली गिरणीमालकांनी वेतनात साडेअकरा टक्के कपात केली. सुमारे दीड लाख कामगारांनी संप केला आणि कापडावरील अबकारी कर स्थगित झाल्यावर कपात मागे घेतली गेली. त्या अनुभवातून जानेवारी १९२६ मध्ये बॉम्बे टेक्स्टाईल लेबर युनियन उभी राहिली. अध्यक्ष जोशी झाले आणि र. रा. बखले त्यांचे सहकारी होते. परंतु १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपाने वारे बदलले. साम्यवादी नेतृत्वाखालील गिरणी कामगार युनियनची सदस्यसंख्या पन्नास हजारांवर गेली आणि जोशी यांची युनियन मागे पडली. संयुक्त संप समितीत ते साम्यवाद्यांच्या बरोबरीने बसले होते. पण लढ्याने पेटलेल्या कामगाराला त्यांची वाटाघाटीची संथ रीत पुरेशी वाटेना. सरकारनियुक्त प्रतिनिधी, हा शिक्का तर कायमचाच होता. ज्या वस्तीसाठी आयुष्य वेचले, तिनेच दुसरे पुढारी निवडले.

१९२९ च्या नागपूर अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस फुटली. शाही कामगार आयोगावर बहिष्कार टाकण्याचा प्रश्न हे त्याचे एक कारण होते, आणि जोशी स्वतः त्या आयोगाचे सदस्य होते. ते बाहेर पडले. मात्र दुरावा कायम राहू नये म्हणून झटत राहिले. १९३८ साली ऐक्याची वाट मोकळी झाली आणि १९४० साली विलीनीकरण पूर्ण होताच सरचिटणीसपद पुन्हा त्यांच्याकडे आले. ते त्यांनी १९४८ पर्यंत सांभाळले. १९४१ साली देवळीच्या छावणीत साम्यवादी आणि समाजवादी स्थानबद्ध होते, तेव्हा त्यांची स्थिती पाहण्यासाठी तेथे जाणारे जोशीच होते. मतभेदांमुळे माणसांविषयीचे कर्तव्य संपत नाही, ही त्यांची धारणा होती.

३० मे १९५५ रोजी, वयाची ७६ वर्षे पूर्ण होण्यास अवघे सहा दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले.

आज गिरण्या उरलेल्या नाहीत. बीडीडी चाळींच्या जागी उंच इमारती येत आहेत. दामोदर नाट्यगृह नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा रंगकर्मींनी आवाज उठविला. एका बंद नाट्यगृहासाठी माणसे एकत्र येतात, यातच जोशी यांच्या कामाची पावती आहे. नव्या इमारतींत प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र नळ आणि स्वतंत्र दार मिळेल, आणि ते मिळायलाच हवे. परंतु त्या दारांबाहेर वाचनालय, पतपेढी, व्यायामशाळा आणि रंगमंच यांना जागा राहील काय, हा प्रश्न त्या रस्त्यावरील पाटी आजही विचारीत आहे.