ओले एव्हिनरूड: आउटबोर्ड मोटर हलकी करणारा इंजिनिअर

बोट रेसिंगमध्ये नवीन असाल, तर मोटर घेताना पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचाच येतो. पण वजनाचं काय? ओले एव्हिनरूडचं आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरलं.

1877 साली नॉर्वेत जन्म, पाचव्या वर्षी अमेरिकेत. विस्कॉन्सिनमधल्या शेतावर वाढलेला ओले कॉलेजात गेला नाही. कारखान्यांत राबत मशीनचं काम शिकला. 1909 मध्ये त्याने नावेच्या मागच्या फळीला अडकवायची मोटर बनवली. अशा मोटरी आधीही होत्या, पण ही जोरात खपली. ताकद दीड हॉर्सपॉवर, वजन साधारण 28 किलो. हिशोब, पत्रव्यवहार, जाहिराती सगळं बायको बेस बघायची.

मग बेसची तब्येत ढासळली. ओलेने कंपनी भागीदाराला विकली. पाच वर्षं या धंद्यात उतरायचं नाही, ही अट. त्यानंतर त्याने अॅल्युमिनियमची दोन सिलिंडरची मोटर डिझाइन केली आणि आधी जुन्या भागीदारालाच दाखवली. त्याने नकार दिला! तेव्हा नवरा-बायकोने 'एल्टो' ही नवी कंपनी काढली. तिची मोटर सुमारे 3 हॉर्सपॉवर, वजन साधारण 22 किलो. 1929 मध्ये जुनी कंपनी आणि एल्टो एकत्र आल्या. 1933 मध्ये बेस गेली, 1934 मध्ये ओले.

आता भागाकार करा. पहिल्या मोटरीत एका हॉर्सपॉवरमागे जवळपास 19 किलो, एल्टोत सात. रेसिंगची मोटर घेताना आधी आपल्या क्लासचे नियम बघा, मग हाच हिशोब करा आणि त्यानंतरच पैसे मोजा.