चित्रपटाने ओळख करून दिलेले पंडित वसंतराव देशपांडे

आपल्या घरांतील अनेक मुलांच्या कानावर पं. वसंतराव देशपांडे हे नाव प्रथम पडले ते २०१५ च्या दिवाळीत. सुबोध भावे दिग्दर्शित ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट तेव्हा प्रदर्शित झाला. पडद्यावर खाँसाहेब आफताब हुसेन झाले होते सचिन पिळगांवकर आणि त्यांच्यासाठी गायले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. मूळ नाटकात ही भूमिका कोणी केली, असे मुले विचारू लागली, म्हणून आम्ही वसंतरावांची ही थोडक्यात ओळख करून देत आहोत.

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० रोजी अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे झाला. त्यांना आईनेच वाढवले. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे शिक्षण सुरू झाले. चित्रपटाशी त्यांचा संबंधही लहानपणीच आला. भालजी पेंढारकरांच्या ‘कालिया मर्दन’ (१९३५) मध्ये ते कृष्ण झाले होते. पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ आणि लाहोरचे असद अली खाँ अशा वेगवेगळ्या घराण्यांच्या गुरूंकडून त्यांनी विद्या घेतली. आपल्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ यांच्या आक्रमक, चपळ गायकीचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता.

एवढी तयारी असूनही पोटासाठी त्यांनी नोकरी धरली. लष्कराच्या हिशेब खात्यात सुमारे चोवीस वर्षे ते कारकुनी करत होते. दिवसभर आकडे जुळवायचे आणि मग गाणे. आमचे आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे दिवसभराच्या कामानंतर माणसात किती शक्ती उरते हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही फक्त घरी जाऊन पेपर वाचत असू. वसंतरावांना त्यानंतर रियाझ करायचा असे. शिवाय अनेक ठिकाणची विद्या आणि नाट्यसंगीताची ओढ यांमुळे त्यांना एका घराण्याच्या चौकटीत बसवणे जाणकारांनाही जड जात होते. अखेर वयाच्या पंचेचाळिशीच्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली. आजच्या हिशेबाने पाहिले तर घरातल्या कोणीही तसे करू नका, असेच सांगितले असते.

त्यानंतर थोड्याच काळात, डिसेंबर १९६७ मध्ये, पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. संगीत होते पं. जितेंद्र अभिषेकींचे, तेही आपल्या मंगेशीचेच. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतरावांना आपली सगळी तालीम एकत्र वापरता आली. ‘घेई छंद’ हे एकच पद दोन घराण्यांच्या ढंगांत कसे वेगळे होते, हे या नाटकाने शास्त्रीय संगीत न शिकलेल्या प्रेक्षकालाही समजावले.

१९७९ च्या ‘अष्टविनायक’ मध्ये ते पुन्हा पडद्यावर दिसले. त्या चित्रपटाचे नायक सचिन पिळगांवकर होते, हा योगायोग मुलांना जरूर सांगावा. १९८२ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ३० जुलै १९८३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेसष्ट होते. पूर्ण वेळ गायक म्हणून त्यांना वीस वर्षेही मिळाली नाहीत.

नव्या चित्रपटात शंकर-एहसान-लॉय यांच्या चालींबरोबर अभिषेकींची काही जुनी पदेही ठेवली आहेत. त्यातील एका गाण्यासाठी अभिषेकींचे शिष्य महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये आलेल्या ‘मी वसंतराव’ मध्ये राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिकाही केली. चित्रपटासाठी पदे आटोपशीर केली जातात, त्यामुळे जुन्या रसिकांना ती अपुरी वाटतात. ती तक्रार योग्य असली तरी मुलांसमोर लगेच मांडू नये, असे आम्हाला वाटते.

त्याऐवजी घरी एक प्रयोग करावा. चित्रपटातील ‘घेई छंद’ आधी ऐकवावे आणि लगेच वसंतरावांचे मूळ ध्वनिमुद्रण लावावे. तान कुठे वळते, कोणता शब्द कसा फेकला जातो, हे मुलांनाच विचारावे. त्यांना आवडले तर पुढच्या वेळी त्यांचा मारवा लावावा. तो लांब आहे, म्हणून सुट्टीची संध्याकाळ निवडावी आणि आपणही शेजारी बसून ऐकावे.